तलवार बघायची, तारली घ्यायची

सहल कंपन्यांना मासळीबाजार आवडत नाही. चर्चला उघडायची वेळ असते, तिकीट असतं, आत गेलेला माणूस आपोआप गप्प होतो आणि जितके आत गेले तितकेच बाहेर येतात. मासळीबाजारात शिरलेला माणूस कधी बाहेर येईल, हातात काय घेऊन येईल आणि त्या वासासकट बसमध्ये कोणाच्या शेजारी बसेल, याची हमी कोण देणार? म्हणून सिसिली बेटावरच्या कतानिया शहरात आमच्या कार्यक्रमपत्रिकेवर तीनच गोष्टी होत्या: चौकातला काळ्या दगडाचा हत्ती, संत आगाथाचं कॅथेड्रल आणि लांबून एटना ज्वालामुखी.

हत्ती या शहराचं बोधचिन्ह आहे. पाठीवर एक दगडी खांब घेऊन तो कारंज्यावर उभा असतो. महाराष्ट्रातून हजारो किलोमीटर विमानाने येऊन माणसं हत्तीसमोर उभं राहून फोटो काढत होती. आमची आत्या मात्र हत्तीकडे पाठ करून उभी होती. तिचं नाक चौकाच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे वळलेलं होतं.

त्या कोपऱ्यात पांढऱ्याशुभ्र संगमरवराचं आणखी एक कारंजं आहे, १८६७ सालचं. त्याच्या कठड्यावरून पाणी एकसंध पडद्यासारखं खाली कोसळतं आणि गडप होतं. ते गडप होतं ते अमेनानो नावाच्या नदीत, आणि ही नदी शहराच्या पोटातून वाहते. एटनाचा शेजार म्हणजे असा. १६६९ साली ज्वालामुखी फुटला, लाव्हा शहरापर्यंत आला, समुद्रात घुसला आणि समुद्रालाच मागे रेटून बसला. किनाऱ्यावर बांधलेला उर्सीनो किल्ला त्यामुळे आज गावात आहे, समुद्र न हलता किल्ला आत गेला असं पाहणाऱ्याला वाटतं. त्यानंतर २४ वर्षांनी, १६९३ साली, भूकंपाने उरलंसुरलं शहर पाडलं. कतानियाकरांनी मग ज्या लाव्हाने गाव गाडलं त्याच्याच काळ्या लाद्या पाडल्या आणि रस्त्यांत, भिंतींत बसवल्या. शत्रूला पायाखाली घेण्याची ही पद्धत मला फार आवडली.

कारंज्याच्या मागून काही पायऱ्या खाली उतरतात, आणि तिथे त्या काळ्या लाद्यांवर कतानियाचा मासळीबाजार भरतो. ला पेस्केरिया, स्थानिक बोलीत ‘आ पिस्कारिया’. रविवार सोडून रोज सकाळी. लाद्या सतत ओल्या. आमच्या गटातले लोक सहलीसाठी खास घेतलेले महागडे बूट घालून दोन्ही हात पसरून, तोल सांभाळत उतरत होते. आत्या साध्या चपलेत सरळ चालत गेली. वेंगुर्ल्याच्या बाजारात साठ वर्षं ओल्या जमिनीवर चालल्यावर लाव्हा काय आणि शहाबादी काय.

इथे आमच्या गटाची फाळणी झाली. बाजार चौकाच्या पातळीहून खाली असल्यामुळे वरच्या बाजूला कठडा आहे, आणि त्या कठड्यावर कोपरं टेकून गावातले म्हातारे सकाळभर बाजार बघत असतात. त्यांना काही घ्यायचं नसतं. कोण किती घेतंय, कोणाला कसला मासा गळ्यात मारला गेलाय, कोणाच्या सुनेने काय उचललं याची नोंद ठेवणारी ती मंडळी. आमचे शाकाहारी सहप्रवासी त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. पुण्याच्या एक काकू रुमालाला अमृतांजन लावून पूर्ण तयारीनिशी आल्या होत्या. माशांचा त्यांना फार त्रास झाला नाही. पण बाजाराचं एक अंग मटणाचंही आहे आणि कतानियात घोड्याचं मांस आवडीने खाल्लं जातं, ही माहिती शेजारच्या म्हाताऱ्याने त्यांना अगत्याने, हाताने घोड्याच्या टापा वाजवून समजावून सांगितली. काकू तडक हत्तीकडे परत गेल्या.

खाली उतरताच पहिला धक्का बसतो तो आवाजाचा. सिसिलीत माल विकताना ओरडण्याला एक परंपरा आहे, तिला ‘अब्बानियाता’ म्हणतात. ती आरोळीही असते आणि आलापही. शेवटचा स्वर इतका लांब खेचतात की तो संपेपर्यंत पुढचं गिऱ्हाईक येऊन ठेपतं. एकाने सुरू केलं की समोरचा वरच्या पट्टीत उत्तर देतो. दोघांचा माल एकच असतो, म्हणून तर भांडण आवाजाचं. संगीतकार बेल्लिनी याच गावात १८०१ साली जन्मला. त्याच्या ‘नोर्मा’ या ऑपेरावरून इथल्या वांग्याच्या पास्त्याला नाव पडलंय. बेल्लिनीला लांब लांब सुरावटी कुठून सुचल्या असतील, असा प्रश्न या बाजारात उभं राहिल्यावर पडत नाही. अर्थात हा माझा तर्क. संगीताच्या जाणकारांनी रागावू नये.

दुसरा धक्का आत्याला बसला. सगळे विकणारे पुरुष! गुडघ्यापर्यंत रबरी बूट, पुढे एप्रन, गळ्यात सोन्याची साखळी, कानामागे सिगरेट. ससून डॉकपासून मालवणच्या धक्क्यापर्यंत कुठेही जा, मासळीचा व्यवहार बाईच्या हातात. बोट पुरुषाची, जाळं पुरुषाचं, पण पैसे मोजणारा हात तिचा. आणि गिऱ्हाईकाची लायकी ठरवण्याचा अधिकारही तिचाच. आपण पापलेटचा भाव विचारला की ती आधी आपल्याकडे, मग आपल्या पिशवीकडे बघते आणि शांतपणे म्हणते, “तुला बांगडा देते.” हा अपमान खाल्ल्याशिवाय मुंबईत मासा रुचकर लागत नाही.

“ह्येंच्यो बायलो खंय गेल्यो?” आत्याने विचारलं. मी म्हटलं, घरी असतील. “मगे खरो भाव सांगतलो कोण?”

प्रत्येक मोठ्या टेबलावर एक तलवार मासा असतो. पूर्ण मासा नसतो. त्याचं मुंडकं असतं, बर्फात असं रोवलेलं की तलवार आभाळाकडे. शेजारी त्याच्याच अंगाचे गोल काप, आणि भोवती लिंबं, शेवाळ. येणारा प्रत्येक पर्यटक थांबतो, मुंडक्याशेजारी आपलं मुंडकं नेतो आणि फोटो काढतो. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं. तो सवयीने बाजूला सरकतो, कधी हातात सुरा घेऊन चेहरा उग्र करतो.

या माशामागची गोष्ट मात्र फोटोत येत नाही. कतानियाच्या उत्तरेला मेसिनाची सामुद्रधुनी. तिथे तलवार मासा भाल्याने मारायची जुनी पद्धत आहे आणि त्यासाठीच्या बोटी बघितल्या की बांधणाऱ्याचा काहीतरी घोटाळा झालाय असं वाटतं. मधोमध पंचवीस मीटरहून उंच डोलकाठी, टोकावर टेहळणीवाला. आणि पुढे बोटीच्या लांबीहूनही लांब निघालेला लोखंडी सांगाडा, त्याच्या टोकावर भालेवाला. मासा पाण्याच्या वरच्या थरात झोपाळलेला असतो, त्याला इंजिनाचा आवाज पोचायच्या आत भालेवाला त्याच्या डोक्यावर पोचलेला असतो. कोळी सांगतात, जोडी दिसली तर आधी मादीला मारावं. नर मग पळत नाही, तिच्याभोवतीच फिरत राहतो. उलट केलं तर मादी क्षणभरही थांबत नाही. या नर माशावर दोमेनिको मोदुन्यो या गायकाने एक गाणं केलंय. ‘वोलारे’वाला मोदुन्यो तो हाच. गाईडने ही गोष्ट सांगितल्यावर आमच्या गटातले नवरे बायकांकडे सूचकपणे बघू लागले. बायका माशांचे भाव बघत होत्या.

आत्याने त्या मुंडक्याकडे एक नजर टाकली आणि निकाल दिला: “तलवार कोण खाता? दाखवूक ठेवली हा ती.”

म्हटलं तर हे चूक होतं. तलवारीचे काप इथे भरपूर खपतात. त्यात पावाचा चुरा, मनुका आणि चिलगोज्यासारख्या बिया भरून गुंडाळ्या करतात आणि भाजतात. पण मी बराच वेळ उभा राहून पाहिलं तेव्हा आत्याच्या म्हणण्यातला खरेपणा दिसला. ज्याचे फोटो निघत होते त्या टेबलाशी पैसे कमी निघत होते. जिथे पैसे निघत होते तिथे कोणी ओरडत नव्हतं. कोपऱ्यातल्या एका बुटक्या टेबलावर लाकडी खोक्यांत चांदीच्या रंगाची बारीक मासळी होती, आणि विकणारा इतक्या खालच्या आवाजात बोलत होता की गिऱ्हाइकांना वाकावं लागत होतं. त्याच्यापुढे बायकांची गर्दी. सगळ्या सत्तरीच्या पुढच्या, काळे कोट घातलेल्या, चाकाची पिशवी ओढत आलेल्या.

“ती म्हातारी बघ,” आत्या माझ्या कानात म्हणाली. “ती जंय थांबात, थंय आपण थांबाचा.”

तिथपर्यंत पोचेस्तोवर वाटेत कागदपत्रं वाचावी लागली. युरोपात माशाला कागदपत्रं लागतात. प्रत्येक ढिगात खोचलेल्या पाटीवर मासा कोणता, पकडलेला की पाळलेला, कुठल्या समुद्रातला, कसल्या जाळ्याने धरला आणि बर्फातून काढून वितळवलाय का, हे सगळं लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. समुद्रांना जागतिक अन्न आणि शेती संघटनेने क्रमांक दिलेत. भूमध्य आणि काळा समुद्र मिळून ३७ क्रमांक. बाजारात जिकडेतिकडे ३७, ३७. चांगल्या विक्रेत्याच्या पाटीवर तो आकडा ठळक असतो. एका ठिकाणी माकुलाच्या ढिगावर ५१ दिसला, शेजारी बारीक अक्षरात ‘वितळवलेला’. ५१ म्हणजे हिंदी महासागराचा पश्चिम भाग. त्यात आपला अरबी समुद्र येतो.

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती त्या ढिगापुढे ठाण मांडून उभी राहिली. “ह्यो आमच्याकडचो! हंय कसो इलो?” आता तो रत्नागिरीचा होता, कोचीचा होता की ओमानचा, हे पाटी सांगत नव्हती, पण आत्याने त्याला परस्पर वेंगुर्ल्याचा करून टाकलं. आम्हाला इटलीचा व्हिसा मिळवताना बँकेची सहा महिन्यांची पानं, नोकरीचं पत्र आणि परत जाण्याची शपथ द्यावी लागली होती. माकूल उणे अठरा अंशांत झोपून, बोटांचे ठसे न देता येऊन पोचला होता. आठ पाय असते तर ठसे घेता घेता दूतावासाचा दिवस गेला असता. माकुलाला दहा असतात.

बारीक मासळीच्या टेबलावर दोन प्रकार होते. एक सार्दे, आपल्या तारलीच्या गोतातली. दुसरी मांदेलीच्या नात्यातली अँकोव्ही, तिला कतानियात ‘मास्कुलीनी’ म्हणतात. या मास्कुलीनीचं इथे कौतुक फार. जुन्या पद्धतीच्या जाळ्यात तिचं डोकं डोळ्यांमागे अडकतं, तिथल्या तिथे रक्त वाहून जातं आणि मांस गोड राहतं. लिंबाच्या रसात मुरवून कच्चीच खातात. आत्याने वाकून डोळे तपासले, मग सवयीने हात पुढे केला आणि एक तारली उचलून तिचा कल्ला उघडला.

बाजार थांबला नाही, पण टेबलापुरता नक्की थांबला. इटलीत मालाला गिऱ्हाइकाने हात लावायचा नसतो. टोमॅटोलाही नाही. विकणाऱ्याने तोंड उघडलं, एवढ्यात त्याने पाहिलं की आत्या तारली नाकाशी नेते आहे, मग कल्ल्याचा रंग उजेडात धरते आहे, मग अंगठ्याने पोट दाबून ते परत वर येतं का बघते आहे. त्याने तोंड मिटलं. शेजारची काळ्या कोटातली म्हातारी आत्याकडे वळली आणि तिने भुवया उंचावून प्रश्न केला. आत्याने मान हलवली: चालेल. म्हातारीने ताबडतोब अर्धा किलो मागितली.

मला वाटलं, आता दोघींची मैत्री होणार, सहलीच्या अल्बमसाठी एक चांगला फोटो मिळणार. मी मोबाइल काढेपर्यंत भांडण लागलं होतं. खोक्यात उरलेली मासळी जेमतेम तेवढीच, आणि ती दोघींनाही हवी होती. एक सिसिलियनमध्ये, दुसरी मालवणीत. दोघींनाही दुसरीचं सगळं कळत होतं. म्हातारीचं म्हणणं बहुधा असं की मी इथे लग्न होऊन आल्यापासून येते. आत्याचं म्हणणं, कल्लो कोणी उघडल्यान?

“आत्या, आपल्याला घ्यायचीच नाहीये,” मी म्हणालो. “हॉटेलात चूल नाही.”

“ता तिका खंय म्हायत आसा?”

विकणाऱ्याने दोन्ही बायकांना शांत करण्यासाठी विषय बदलला आणि इटालियन मासळीवाल्याचा ठेवणीतला प्रश्न टाकला: करणार कशी? हा प्रश्न तिथे उत्तरासाठी विचारतात. तुम्ही सांगितलेली पद्धत त्या माशाला साजेशी नसेल तर दुसरा मासा घ्यायला लावतील, फार चुकीची असेल तर मासा द्यायलाही कुरकुर करतील. म्हातारीने हातांनी दाखवलं: काटा काढायचा, पोटात पावाचा चुरा, मनुका, किसलेलं चीज भरायचं, गुंडाळी करून शेपटी वर ठेवायची. हा पदार्थ म्हणजे श्रीमंतांच्या ताटाची नक्कल आहे. सरदार लोक अंजिरं खाऊन लठ्ठ झालेले छोटे पक्षी भाजून खात. गरिबाने तारली तशी भरून, शेपटी उभी करून पक्ष्यांची हौस भागवली. पक्षी गेले, सरदार गेले, तारली राहिली.

आत्याला या सगळ्यातला एकच शब्द टोचला. “चीज? तारलेर चीज?” गंमत अशी की खुद्द इटलीत माशावर चीज टाकणं म्हणजे घोर पाप, कोळंबीच्या पास्त्यावर चीज मागणाऱ्या परदेशी माणसाकडे वेटर ज्या दुःखाने बघतो ते मी पाहिलंय. सिसिलीला मात्र या बाबतीत सूट आहे. ती कोणी दिली हे विचारायचं नसतं. आत्याने मग आपली पद्धत सांगितली: ओलं खोबरं, लाल मिरची, धणे, हळद, आंबटाला सोलं, आणि शेवटी ठेचलेली तिरफळं. मी जमेल तेवढं भाषांतर केलं. विकणाऱ्याने ऐकून घेतलं. मग गंभीरपणे एवढंच विचारलं की लिंबू कधी?

शेवटी त्याने न्यायनिवाडा केला: तारली म्हातारीला, आणि आत्याला फुकटात पार्सलीची जुडी. आत्याने ती घेतली. हॉटेलात चूल नसताना पार्सली घेऊन ती काय करणार, हा प्रश्न मी विचारला नाही.

पुढे एका दुकानात काठीसारखे ताठ, दगडासारखे कडक मासे टांगले होते. हा स्टॉकफिश, नॉर्वेच्या लोफोतेन बेटांवर थंड वाऱ्यात वाळवलेला कॉड. भोवती भूमध्य समुद्राचा ताजा माल असताना बेटावरच्या माणसांनी उत्तर ध्रुवाजवळून सुकी मासळी मागवावी, ती दिवसेंदिवस पाण्यात भिजत घालावी आणि टोमॅटो, बटाटे, ऑलिव्ह घालून सणासारखी खावी, याचा अर्थ लावायला अर्थतज्ज्ञ लागेल. आत्याला नाही लागला. पुढ्यात जिवंत बांगडा असतानाही सुकटाच्या वासाने जीव कासावीस होतो, हे जिला कळतं तिला नॉर्वेचं काय कौतुक.

भूक लागली होती. बाजाराच्या कडेला कागदाच्या कोनात तळलेली मासळी विकणारी दुकानं आहेत. आम्ही एक मोठा कोन घेतला: मास्कुलीनी, माकुलाच्या चकत्या, बारीक कोळंबी. पीठ अगदी पातळ, रवा अर्थातच नाही, मिरची नाही, हळद नाही. आत्याने पहिला घास बराच वेळ चावला. पुण्याच्या काकू तेवढ्यात हत्तीकडून परत येऊन, रुमाल नाकावर धरूनच, लांबून तिचा चेहरा वाचत होत्या. “मासो बरो आसा,” आत्या म्हणाली. “ह्येंनी त्येका काय एक करूक नाय.” आणि मग उरलेला कोन मला एक चकतीही न देता संपवला.

त्यावर उतारा चौकाजवळच्या टपरीवर मिळाला. कतानियाच्या टपऱ्यांवर एक पेय प्रसिद्ध आहे: लिंबू पिळायचं, चिमूटभर मीठ टाकायचं, वरून जोरात सोडा सोडायचा, फेस उतू जायच्या आत गिऱ्हाइकाने घोट घ्यायचा. आमचा गाईड हे खास सिसिलियन रहस्य म्हणून रंगवून सांगत होता. गटातल्या सगळ्यांनी, शाकाहारी-मांसाहारी भेद विसरून, एकसुरात ‘सोडा लिंबू खारा’ मागितला. एवढ्या प्रवासात पहिल्यांदाच कोणी मेनूकार्ड वाचलं नाही.

दोन वाजता बसमध्ये डोकी मोजली. भरली. पार्सलीची जुडी खिडकीशी ठेवलेली होती आणि काकूंनी अमृतांजन सोडून तीच नाकाशी धरली होती. ड्रायव्हरने एसी वाढवला. सहल व्यवस्थापकाने माइक हातात घेतला, घसा साफ केला आणि आनंदाची बातमी दिली, की आज रात्री युरोपियन जेवणाला सुट्टी. पालेर्मोत खास इंडियन रेस्टॉरंट शोधलंय, व्हेजवाल्यांना पनीर, आणि नॉनव्हेज मंडळींसाठी बोनलेस चिकन.

बसमध्ये टाळ्या पडल्या. आत्या माझ्याकडे झुकली.

“झिला, ह्या गाडीक मागलो दरवाजो आसा काय रे?”